पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय? प्रश्नोत्तराच्या तासाचा इतिहास, वसई-विरारच्या अंगाने

वसई तालुक्यात स्मरणिकांची परंपरा जुनी आहे. शाळेची पन्नाशी असो, वाचनालयाची पंचाहत्तरी असो की पतपेढीचा रौप्यमहोत्सव, त्या निमित्ताने संस्थेचा इतिहास लिहिला जातो. संस्थापक कोण होते, पहिली खोली कुठे होती, कोणी जागा दिली आणि कोणी पदरमोड केली, याची नोंद पुढच्या पिढीसाठी ठेवली जाते. या पानांवर मांडलेला इतिहास मात्र आपल्या सगळ्यांच्या मालकीच्या एका संस्थेचा आहे. मंत्र्याने सभागृहात उभे राहून लोकप्रतिनिधींच्या प्रश्नांना उत्तर द्यायचे, ही पद्धत म्हणजेच ती संस्था. तिला आपण ‘प्रश्नोत्तराचा तास’ म्हणतो. विरारच्या फलाटापासून धामणीच्या धरणापर्यंत आपले किती तरी विषय या तासाच्या वाटेने सरकारदरबारी गेले आहेत. म्हणून वसई-विरारच्या माणसाला तिचा इतिहास ठाऊक असला पाहिजे.

सुरुवातीची साठ वर्षे

१८६१च्या इंडियन कौन्सिल्स ॲक्टने मुंबई इलाख्याला कायदेमंडळ मिळाले. त्याची पहिली बैठक २२ जानेवारी १८६२ रोजी मुंबईच्या टाऊन हॉलमध्ये भरली. जगन्नाथ शंकरशेट यांच्यासारखे मातब्बर गृहस्थ तिथे सदस्य होते. पण समोर आलेल्या विधेयकावर बोलावे, एवढाच त्यांना अधिकार होता. सरकारला प्रश्न विचारण्याची सोय नव्हती. पुढे १२ एप्रिल १८६७ रोजी विरारहून बॅक बेकडे पहिली लोकल गाडी सुटली. जाताना एक आणि येताना एक, एवढ्याच तिच्या फेऱ्या होत्या. त्या काळच्या प्रवाशाला काही मागणे असेल तर अर्ज-विनंती करणे आणि वाट पाहणे, हाच मार्ग होता. त्याच्या वतीने जाब विचारील असा माणूस सभागृहात नव्हता.

१८९२च्या कायद्याने हे दार पहिल्यांदा किलकिले झाले. सदस्यांना प्रश्न विचारण्याचा अधिकार मिळाला, पण आधी सूचना द्यावी लागे आणि मिळालेल्या उत्तरावर चर्चा करता येत नसे. सरकार जे सांगेल ते ऐकून घ्यायचे आणि खाली बसायचे. व्हाइसरॉयच्या कौन्सिलात पहिला प्रश्न १८९३ साली विचारला गेला. दौऱ्यावरच्या अधिकाऱ्यांना रसद पुरवताना गावच्या व्यापाऱ्यांना जो जाच होतो, त्याबद्दलचा तो प्रश्न होता. या देशातला पहिला संसदीय प्रश्न गावच्या दुकानदाराच्या गाऱ्हाण्यातून निघाला, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

मुंबईच्या कौन्सिलात त्याच सुमारास फिरोजशहा मेहता होते. १८९५ साली लोकमान्य टिळक आणि १८९९ साली गोपाळ कृष्ण गोखले निवडून आले. १९०९च्या कायद्याने मूळ प्रश्न विचारणाऱ्याला उपप्रश्नाची मुभा मिळाली आणि १९१९च्या कायद्याने ती सर्व सदस्यांना दिली. या संस्थेचा खरा जन्म मी इथे धरतो. लेखी उत्तर कचेरीत बसून तयार करता येते. उपप्रश्नाला मात्र जागच्या जागी तोंड द्यावे लागते, आणि मंत्र्याला आपल्या खात्याची खडान्‌खडा माहिती आहे की नाही हे तिथे कळते.

१९३७ साली मुंबई इलाख्यात बाळासाहेब खेर यांचे मंत्रिमंडळ आले आणि गणेश वासुदेव मावळंकर विधानसभेचे अध्यक्ष झाले. मावळंकरांचे घराणे मूळचे रत्नागिरीकडचे, अहमदाबादेत स्थायिक झालेले. पुढे १९५२ साली तेच पहिल्या लोकसभेचे अध्यक्ष झाले. मुंबईच्या सभागृहात मुरलेली शिस्त त्यांनी दिल्लीला नेली. प्रश्नोत्तराचा तास हा कामकाजाच्या दिवसाचा पहिला आणि मानाचा तास म्हणून रुजला, त्यात त्यांचा वाटा मोठा आहे. संविधानाने मंत्रिमंडळाला सभागृहाला सामूहिकरीत्या जबाबदार धरले आहे. केंद्रासाठी अनुच्छेद ७५ आणि राज्यासाठी अनुच्छेद १६४ ते सांगतो. ही जबाबदारी रोजच्या व्यवहारात याच तासाला दिसते.

उत्तर देणारे वसईकर

वसईने प्रश्न विचारणारे प्रतिनिधी पाठवले, तसेच उत्तर देणारे मंत्रीही दिले. खेरांच्या १९४६च्या मंत्रिमंडळात गोविंद धर्माजी तथा अण्णासाहेब वर्तक यांच्याकडे स्थानिक स्वराज्य खाते होते. ग्रामपंचायती, नगरपालिका आणि लोकल बोर्डे यांच्याबद्दल इलाख्यातल्या कोणत्याही कोपऱ्यातून प्रश्न आला, तरी उत्तराला उभे राहायचे ते या वसई तालुक्यातल्या माणसाने. पुढे वसंतराव नाईक यांच्या मंत्रिमंडळात हरी गोविंद तथा भाऊसाहेब वर्तक यांनी अन्न व नागरी पुरवठा खाते सांभाळले.

तो काळ १९७२च्या दुष्काळाचा आणि त्यामागून आलेल्या महागाईचा होता. रेशनच्या दुकानात धान्य नाही, रॉकेल नाही, गोडेतेल नाही अशी ओरड राज्यभर होती. बाहेर लाटणी घेतलेल्या बायकांचे मोर्चे निघत होते. त्या मोर्चांच्या पुढारी मृणाल गोरे १९७२ साली गोरेगावातून विधानसभेवर निवडून आल्या होत्या, त्यामुळे रस्त्यावरचा प्रश्न थेट सभागृहात पोचत होता. अशा दिवसांत पुरवठा खात्याचे मंत्री असणे म्हणजे रोज निखाऱ्यावरून चालणे होते. तिथे उत्तर टाळून भागत नसे, कारण सायंकाळी रेशनच्या रांगेत त्या उत्तराची परीक्षा व्हायची. वर्तक घराण्याचे नाव आपल्याकडे शिक्षणसंस्थेमुळे घरोघरी आहे. उत्तर देणाऱ्या बाकावरची त्यांची ही कामगिरीही तितक्याच आठवणीने सांगितली पाहिजे.

एका प्रश्नाचा प्रवास

बाहेरून पाहणाऱ्याला सभागृहातली पाच मिनिटे दिसतात. त्यामागची वाटचाल मोठी असते. महाराष्ट्राच्या विधिमंडळात तारांकित, म्हणजे तोंडी उत्तराच्या, प्रश्नाचा साचा ठरलेला आहे. वर सदस्याचे नाव आणि कंसात मतदारसंघ. मग ‘सन्माननीय मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय’ ही ओळ, आणि खाली क्रमाने पोटप्रश्न. समजा, तालुक्यातल्या एखाद्या रस्त्याबद्दल प्रश्न आहे. तर तो असा मांडला जातो : (१) अमुक रस्त्याचे काम रखडले आहे, हे खरे आहे काय, (२) असल्यास, याबाबत शासनाने चौकशी केली आहे काय, (३) असल्यास, त्यात काय आढळून आले व तदनुसार कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे, (४) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?

उत्तरेही अशीच ठरलेल्या शब्दांत येतात. ‘होय.’ ‘हे खरे नाही.’ ‘अंशतः खरे आहे.’ आणि शेवटी ‘प्रश्न उद्भवत नाही.’ यातले ‘अंशतः खरे आहे’ हे उत्तर जाणत्या आमदाराला सर्वांत मोलाचे. किती अंश खरा आणि किती खोटा, एवढे विचारले की उपप्रश्नाला वाट मिळते.

ही दोन-चार वाक्ये तयार व्हायला प्रश्नाला दुहेरी प्रवास करावा लागतो. विधानमंडळ सचिवालय प्रश्न नियमांत बसतो का ते तपासते आणि मंत्रालयातल्या संबंधित विभागाकडे धाडते. तिथला कक्ष अधिकारी तो जिल्हाधिकारी, महापालिका आयुक्त किंवा कार्यकारी अभियंत्याकडे पाठवतो. कचेऱ्यांमध्ये याला ‘एलएक्यू’ (लेजिस्लेटिव्ह असेंब्ली क्वेश्चन) म्हणतात. एलएक्यू आला की टेबलावरची बाकीची कामे बाजूला सारली जातात. माप पुस्तिका निघते, ठेकेदाराला फोन जातो, प्रत्यक्ष जागेवर कोणी तरी जाऊन येतो. कित्येकदा उत्तर छापून यायच्या आतच खड्डा बुजलेला असतो. या संस्थेचे मोठे यश मला इथे दिसते. सभागृहात प्रश्न पुकारला गेला नाही तरी, नुसत्या सूचनेने यंत्रणा हलते.

मग ती माहिती उलट वाटेने मंत्र्यापर्यंत पोचते. संभाव्य उपप्रश्नांची टिपणी फाइलीला जोडली जाते. उत्तराच्या दिवशी खात्याची माणसे अधिकारी दीर्घेत बसून राहतात आणि ऐनवेळी अडले तर चिठ्ठी धाडतात. चिठ्ठीशिवाय उत्तर देणारा मंत्री सभागृहाचा आदर मिळवतो, आणि ‘माहिती घेऊन सांगतो’ हे वाक्य वारंवार म्हणणारा तो गमावतो.

लोकसभेतही रीत हीच आहे. तिथे किमान पंधरा दिवस आधी सूचना द्यावी लागते. एका दिवसाच्या यादीत २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न घेतले जातात आणि कोणाचा प्रश्न लागेल ते सोडतीने ठरते. तारांकिताला तोंडी उत्तर आणि उपप्रश्न, अतारांकिताला फक्त लेखी उत्तर. तास संपेपर्यंत यादीतले पहिले काहीच प्रश्न पुकारले जातात. उरलेल्यांची उत्तरे पटलावर ठेवली जातात. आपला खासदार ‘बोलला नाही’ म्हणून नाराज होणाऱ्यांनी ही अतारांकित उत्तरेही पाहावीत. पुष्कळ खरी माहिती त्यांतच असते.

लोकल गाडी आणि दिल्ली

कोणता प्रश्न कुठल्या सभागृहात विचारायचा, हे ज्याला कळले त्याचे अर्धे काम झाले. रेल्वे, मिठागरांच्या जमिनी, पुरातत्त्व खात्याकडचा वसईचा किल्ला, राष्ट्रीय महामार्ग आणि तारापूरचे अणुवीज केंद्र हे विषय दिल्लीचे. पाणी, जमीन, नगररचना, पोलीस आणि महापालिका हे मुंबईचे, आणि हिवाळी अधिवेशनात नागपूरचे.

दिल्लीच्या विषयांत आपल्यासाठी पहिला मान लोकलचा. २००९ पूर्वी वसई उत्तर मुंबई लोकसभा मतदारसंघात होती. राम नाईक १९८९ पासून २००४ पर्यंत तिथून सलग पाच वेळा निवडून आले. गोरेगावात प्रवासी संघ उभा करून त्यांनी सार्वजनिक कामाला सुरुवात केली होती. त्यामुळे गर्दी, फेऱ्या, डबे आणि फलाटाची उंची हे विषय त्यांना कागदावरून शिकावे लागले नाहीत. आधी विरोधी बाकावरून रेल्वेचे प्रश्न मांडणारा हा खासदार १९९८ साली रेल्वे राज्यमंत्री झाला आणि त्याच प्रश्नांना उत्तर देणाऱ्या बाकावर जाऊन बसला.

महिलांसाठीची विशेष लोकल ५ मे १९९२ रोजी चर्चगेट-बोरिवली अशी सुरू झाली आणि पुढच्या वर्षी विरारपर्यंत आली. बोरिवली-विरार चौपदरीकरण २००७ साली पूर्ण झाले. १६ एप्रिल २०१३ पासून विरारच्या पुढे डहाणूपर्यंत लोकल धावू लागली. यांपैकी एकही गोष्ट एका प्रश्नाने किंवा एका माणसामुळे झाली नाही. प्रवासी संघटनांची निवेदने, आंदोलने आणि संसदेत पुन्हा पुन्हा विचारलेले प्रश्न, या सगळ्यांनी मिळून त्या घडल्या. ‘प्रस्ताव विचाराधीन आहे’ या उत्तराने न थकता पुढच्या अधिवेशनात तोच प्रश्न पुन्हा टाकणे, हे संसदीय कामातले सर्वांत कष्टाचे आणि सर्वांत कमी दिसणारे काम आहे.

रेल्वेमंत्री म्हणून मधु दंडवते यांचेही नाव इथे घेतले पाहिजे. १९७१ पासून राजापूरचे खासदार म्हणून त्यांनी सरकारला प्रश्नांनी जेरीस आणले होते. १९७७ साली स्वतः रेल्वेमंत्री झाल्यावर त्यांनी दुसऱ्या वर्गाच्या शयनयानात लाकडी फळ्यांवर गाद्या आणल्या. ज्याने मनापासून प्रश्न विचारले, त्याचे उत्तर असे कृतीत उतरते.

पाणी, जमीन, महापालिका

राज्याच्या सभागृहात वसईचा आवाज गेली पस्तीस-चाळीस वर्षे प्रामुख्याने पाणी आणि जमीन या दोन विषयांभोवती फिरला आहे. १९९० साली वसई-विरार पट्ट्यासाठी सिडकोला विशेष नियोजन प्राधिकरण नेमले गेले. त्याच काळात फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसई संरक्षण समितीचे आंदोलन उभे राहिले. विहिरी उपसून टँकरने पाणी विकणे, वाड्यांवर येणारी बांधकामे आणि गुंडगिरी यांविरुद्ध हजारो लोक रस्त्यावर उतरले. चळवळीचा आवाज सरकारच्या कागदावर यायचा तर सभागृहाला पर्याय नसतो. १९८५ साली डॉमिनिक घोन्साल्विस, १९९० पासून हितेंद्र ठाकूर, २००९ साली विवेक पंडित अशा वेगवेगळ्या विचारांच्या प्रतिनिधींनी वसईच्या बाकावरून काम केले. मतदारसंघांच्या फेररचनेनंतर नालासोपारा हा वेगळा मतदारसंघ झाला आणि तालुक्याचा पूर्व भाग बोईसरला जोडला गेला.

३ जुलै २००९ रोजी चार नगरपरिषदा आणि ५३ गावे मिळून वसई-विरार शहर महानगरपालिका स्थापन झाली. गावांना महापालिका नको होती. आंदोलने पेटली, आणि २०११ साली शासनाने २९ गावे वगळण्याचा निर्णय घेतला. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि वर्षानुवर्षे रेंगाळले. न्यायप्रविष्ट बाबीवर सभागृहात चर्चा करायला मर्यादा येतात. निर्णयाच्या आधी सभागृहात विषयाची तड लागणे किती गरजेचे असते, हे गावांच्या या लढ्याने शिकवले.

पाण्याचेही तसेच. सूर्या प्रकल्पाचे, म्हणजे धामणीच्या धरणाचे, पाणी आधी वसई-विरारला आले, पण वाढत्या वस्तीला ते पुरेना. मग एमएमआरडीएने ४०३ दशलक्ष लिटरची सूर्या प्रादेशिक योजना घेतली. त्यातले १८५ दशलक्ष लिटर वसई-विरारचे आणि २१८ मीरा-भाईंदरचे. आकडा मंजूर झाला, म्हणजे नळाला पाणी आले असे होत नाही. जलवाहिनी, वनजमिनीची परवानगी, जलकुंभ, वितरण या प्रत्येक टप्प्यावर नवा प्रश्न विचारावा लागतो. शिवाय सूर्येच्या खोऱ्यातल्या आदिवासी शेतकऱ्याचा सिंचनाचा हक्क काय, हाही प्रश्न त्याच यादीत असायला हवा.

जून २०२० मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि कारभार प्रशासकाच्या हाती गेला. २०११च्या जनगणनेत १२ लाखांवर लोकसंख्या असलेल्या शहराला पुढची काही वर्षे नगरसेवकच नव्हते. महासभा नाही, स्थायी समिती नाही. अशा वेळी आयुक्तांच्या कारभाराबद्दल जाहीरपणे उत्तर मागता येईल असे निवडून दिलेले एकच ठिकाण उरले, ते म्हणजे विधिमंडळ. नगरविकास खात्याच्या मंत्र्याला उद्देशून विचारलेला प्रश्न हीच आपली महासभा झाली होती. ऑगस्ट २०२५ मध्ये विरारच्या विजयनगरमध्ये रमाबाई अपार्टमेंटचा भाग कोसळून १७ जणांचा बळी गेला. अनधिकृत आणि धोकादायक इमारतींचे प्रश्न वेळच्या वेळी विचारले जाणे आणि त्यांना खरी उत्तरे मिळणे, हा माणसांच्या जिवाशी जोडलेला विषय आहे.

मानाची आणि काळी पाने

या संस्थेची ताकद देशाने पाहिली ती १९५७ साली. आयुर्विमा महामंडळाने हरिदास मुंदडा यांच्या कंपन्यांत सुमारे सव्वा कोटी रुपये का गुंतवले, असा प्रश्न लोकसभेत आला. फिरोज गांधी यांनी तो विषय धसास लावला. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती छागला यांच्या एकसदस्यीय आयोगाने मुंबईत जाहीर सुनावणी घेतली आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांनी राजीनामा दिला. सरकार पक्षाच्याच सदस्याच्या प्रश्नाने अर्थमंत्री गेले, हे विशेष.

काळी पानेही आहेत. १९५१ साली हंगामी संसदेतले मुंबईचे सदस्य एच. जी. मुदगल यांनी सराफांच्या एका संघटनेकडून पैसे घेऊन तिच्या सोयीचे प्रश्न मांडल्याचे सिद्ध झाले आणि त्यांना सदस्यत्व गमवावे लागले. डिसेंबर २००५ मध्ये पैसे घेऊन प्रश्न विचारल्याबद्दल ११ खासदारांची हकालपट्टी झाली. २०२० साली कोविडचे कारण देऊन संसदेच्या पावसाळी अधिवेशनात प्रश्नोत्तराचा तासच रद्द केला गेला आणि फक्त लेखी उत्तरे दिली गेली. महामारीत सरकारला विचारण्यासारखे सर्वाधिक असताना उपप्रश्नाचा अधिकार गेला. गोंधळात तास वाहून जाणे तर आता नेहमीचे झाले आहे. सभागृह बंद पाडणाऱ्याला टाळ्या मिळतात. नुकसान होते ते यादीत नाव लागलेल्या दूरच्या तालुक्यातल्या सदस्याचे आणि त्याच्या मतदारांचे.

आपल्याकडून काय हवे

मंत्र्याने ‘तपासून पाहू’, ‘कार्यवाही करू’ असे सांगितले की ते आश्वासन ठरते. लोकसभेत १९५३ पासून त्यासाठी शासकीय आश्वासनांची समिती आहे आणि पूर्ततेसाठी साधारण तीन महिन्यांची मुदत धरली जाते. आपल्या विधिमंडळातही आश्वासन समिती आहे. ही समिती आपले काम तेव्हाच नीट करू शकते, जेव्हा ज्या गावासाठी आश्वासन दिले तिथली माणसे ते लक्षात ठेवतात.

म्हणून वसई-विरारमधल्या ग्रामसभा, सोसायट्यांचे महासंघ, प्रवासी संघटना, मच्छीमार संस्था आणि महाविद्यालये यांना या स्मरणिकेच्या निमित्ताने एक आग्रहाची विनंती आहे. अधिवेशनाच्या आधी आपापल्या विषयाचे एक पानी टिपण तयार करा. त्यात सर्व्हे नंबर, तारखा, मंजूर रक्कम आणि माहितीच्या अधिकारात मिळालेले कागद जोडा. विषय दिल्लीचा की मुंबईचा ते ठरवून आपल्या खासदाराला किंवा आमदाराला द्या, मग तो कोणत्याही पक्षाचा असो. उत्तर आले की ते वाचनालयाच्या फलकावर लावा आणि तीन महिन्यांनी त्या जागेवर जाऊन पाहा. उत्तर चुकीचे असेल तर पुराव्यासह पुन्हा लिहा. मंत्री किती चांगले उत्तर देतील हे त्यांच्यावर अवलंबून आहे, पण प्रश्न किती पक्का असेल हे आपल्यावर आहे. तो पक्का करून पाठवणे हे आपले काम आहे आणि येत्या अधिवेशनापासून ते आपण अंगावर घ्यावे.